गोव्यात पाच दिवस, पाण्याच्या मागून

नोव्हेंबरात दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा सर्वांत मोठा मामेभाऊ. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आजोळच्या घरामागचा डोंगर विकायचं चाललंय, बाहेरची, दिल्लीची पार्टी आहे, भाव चांगला येतोय, तुझी आणि भावोजींची सही लागेल. गोव्याच्या कायद्यानं मुलीला मुलाइतकाच वाटा असतो आणि जमीन विकताना नवरा-बायको दोघांच्याही सह्या लागतात. आई गेल्यावर तिचा वाटा माझ्याकडे आला होता.

"तसा तो डोंगर पडीकच गो," दादा म्हणाला. "नुसतं रान. उत्पन्न शून्य."

माझं सगळं आयुष्य लोकांचे हिशेब तपासण्यात गेलं आहे. उत्पन्न नसलेली मालमत्ता मोकळी करा, हा सल्ला मी स्वतः कितीतरी जणांना दिला आहे. मी हो म्हणायच्या बेतात होते. पण मामाला विचारल्याशिवाय आजोळचं काही करायचं नाही अशी आमच्याकडे रीत आहे. मामा गोव्यात पाणीपुरवठ्याच्या नोकरीत होता, निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, आता फोंड्याला राहतो. तो फोनवर थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सही करायची तर कर, बाय. पण आधी पाच दिवस सुट्टी काढून ये. चार दिवस मी नेतो तिथं चल. पाचव्या दिवशी डोंगरावर जाऊ."

पहिला दिवस : ओपा

पणजीला रात्रीच्या बसमधून उतरले, दुसरी बस धरून फोंड्याला पोचले. डिसेंबरचा दुसरा आठवडा, हवेत गारवा. पातळभाजी-पाव आणि चहा झाला आणि मामानं गाडी काढली ती थेट खांडेपार नदीवर, ओपाला. त्याच्या नोकरीची निम्मी वर्षं इथल्या जलशुद्धीकरण प्रकल्पात गेली. फोंडा आणि तिसवाडी तालुक्यांना, म्हणजे पणजीलाही, इथूनच पाणी जातं.

आम्ही आत गेलो नाही. मामा मला नदीच्या काठावर घेऊन गेला. पिशवीतून त्यानं काचेची बाटली काढली, पाण्यात बुडवून भरली आणि मागे वर्तमानपत्र धरलं. बातमीचा बारीक टाइपसुद्धा पलीकडून वाचता येत होता.

"हे कुठून आलं, ठाऊक आहे?" त्यानं विचारलं. "दूधसागर. तीच नदी कुळ्याहून खाली येते आणि पुढे खांडेपार होते. वरचं सगळं खोरं जंगलात आहे. पाण्याचा गढूळपणा एनटीयू या एककात मोजतात. पिण्याच्या पाण्यात तो १ च्या आत असावा, फार तर ५ पर्यंत चालतो, असं आपलं मानक सांगतं. जंगलातून येणारं पाणी उन्हाळ्या-हिवाळ्यात तिथंच कुठंतरी जवळपास असतं. आम्ही काय करायचो? थोडी तुरटी, गाळणी, क्लोरीन. बाकीचं काम वरच करून पाठवलेलं असायचं."

आणि जिथं वर डोंगर कापलेला असतो तिथून? मामानं हात हलवला. पहिल्या मोठ्या पावसात पाणी लाल होऊन येतं. तुरटी ओतत राहायचं, गाळणीचे थर पुन्हा पुन्हा धुवायचे, आणि तरी आवाक्यात आलं नाही तर पंप बंद. पंप बंद म्हणजे शहरात टँकर. रात्री दोन वाजता उठून प्रयोगशाळेत काचपात्रांच्या रांगेत तुरटीचं प्रमाण ठरवलेल्या रात्री त्याला तारखेसकट आठवतात.

मग त्यानं जांभ्याची गोष्ट सांगितली. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, घाटाच्या पायथ्याला त्याहून बराच जास्त, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. घाटमाथ्यापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. उतार असा की सोडलं तर आज पडलेलं पाणी उद्या खाडीत. ते अडतं ते दोन गोष्टींनी. वर झाडांच्या मुळ्या आणि कुजलेल्या पाल्याचा थर, खाली सच्छिद्र जांभा दगड. पाला पावसाच्या थेंबाचा मार स्वतःवर घेतो, माती उघडी पडत नाही, पाणी सावकाश जांभ्यात जिरतं आणि जिथं खाली चिकणमातीचा थर लागतो तिथून झर होऊन बाहेर येतं. मे महिन्यात नळाला येतं ते पाणी जुलैचं असतं.

मी त्याला न्यूयॉर्कचं सांगितलं. हे उदाहरण मला नोकरीतल्या एका प्रशिक्षणात भेटलं होतं आणि तेव्हा ते मी फक्त आकड्यांसाठी लक्षात ठेवलं होतं. त्या शहराचं बहुतेक पाणी दूरच्या कॅट्सकिल आणि डेलावेर खोऱ्यांतून येतं. १९९० च्या दशकात प्रश्न आला की गाळणी प्रकल्प बांधायचा का. अंदाज होता ६०० ते ८०० कोटी डॉलरचा, चालवण्याचा खर्च वेगळा. शहरानं १९९७ साली वरच्या गावांशी करार केला. जमिनी विकत घेतल्या, नदीकाठ राखले, शेतकऱ्यांना गोठ्यांच्या आणि सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठी पैसे दिले. हे सगळं प्रकल्पाच्या खर्चाच्या लहानशा हिश्श्यात बसलं, आणि ते पाणी आजही न गाळता फक्त निर्जंतुक करून शहराला मिळतं.

मामानं बाटली पुन्हा नदीत ओतली. "म्हणजे त्यांनी वरच्या गावांना पैसे दिले," तो म्हणाला. "ही गोष्ट लक्षात ठेव. चौथ्या दिवशी लागेल."

दुसरा दिवस : चोडण

मामाची गेल्या वर्षी बायपास झाली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आहे. सकाळी साडेसहाला आम्ही रायबंदरच्या धक्क्यावर होतो, फेरीनं मांडवी ओलांडली आणि पलीकडे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात शिरलो. १९८८ साली जाहीर झालेलं, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं, सगळं खारफुटीचं. गोव्यातलं सर्वांत लहान अभयारण्य.

सुकती होती. पाणी ओसरलं होतं आणि चिखलातून तिवराची श्वसनमुळं पेन्सिली रोवल्यासारखी हजारोंनी वर आली होती. वाटेवरून मी वाकून पाहिलं तर चिखल जागच्या जागी हलत होता. निवट्या होत्या. बोटभर लांबीचे मासे, डोळे डोक्यावर, पुढच्या परांवर जोर देऊन चिखलावरून उड्या मारत चाललेले. एक निवटी एका मुळावर चढून बसली आणि आमच्याकडे बघत राहिली. पलीकडे कांदळाच्या आधारमुळांच्या जाळीत बारीक पिल्लांचा थवा अडकलेल्या पाण्यात फिरत होता. मामा म्हणाला, पणजीच्या बाजारात जी सुंगटं, म्हणजे कोळंबी, येतात त्यांतल्या कितीतरींचं बाळपण अशा मुळांत गेलेलं असतं. मोठ्या माशाला तिथं शिरता येत नाही.

मामा पंचेचाळीस मिनिटं चालला. फोंड्यात, रस्त्याच्या कडेला, तो पंधरा मिनिटांत थकतो आणि परत फिरतो. हे मी घड्याळ लावून पाहिलं, कारण त्याच्या आजारपणात मी याच विषयावर वाचत बसले होते. रॉजर उलरिच नावाच्या संशोधकाचा १९८४ सालचा अभ्यास आहे. पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ जणांच्या नोंदी त्यानं तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरीनं लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची कडक औषधं कमी लागली. आमच्या मामाच्या खाटेला खिडकी होती ती वाहनतळावर. त्याला तिथून घरी आणलं तेव्हा पहिल्यांदा त्यानं विचारलं होतं, "परसातला फणस लागला काय?"

येताना वाटेत खाजनाचा बांध लागला. हे मी लहानपणी शंभरदा पाहिलं असेल, विचार कधी केला नव्हता. खारं पाणी रोखणारा मातीचा बांध, मध्ये मानस, म्हणजे भरतीच्या दाबानं आपोआप मिटणारी आणि सुकतीला उघडणारी लाकडी दारं, आत भात. कोरगूट तांदूळ या खारट जमिनीतच येतो. बांधाच्या बाहेरच्या अंगाला खारफुटी असेल तर लाटांचा मार ती खाते आणि बांध टिकतो. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे बांध राखले त्यांना हे कुणी शिकवायची गरज पडली नाही.

तिसरा दिवस : कुळें

दूधसागराबद्दल फार लिहीत नाही, तो सगळ्यांनी पाहिलेला आहे. आम्हाला धबधब्यापेक्षा जीपच्या रांगेत जास्त वेळ मिळाला, आणि मामाला तेच हवं होतं.

कुळ्याच्या स्टँडवर जीपला नंबर असतो. आपला नंबर येईपर्यंत चालक थांबतात. आमचा चालक तिशीतला. त्याचे वडील खनिजाच्या ट्रकवर होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातल्या खाणी थांबवल्या तेव्हा ट्रक दारात उभा राहिला आणि बँकेचे हप्ते चालूच राहिले. त्या दोन वर्षांबद्दल तो जे बोलला ते मी इथं लिहीत नाही, ते त्याच्या घरचं आहे. पण खाणी बंद करा म्हणणाऱ्या प्रत्येकानं त्या घरात एकदा जाऊन बसायला हवं, असं मला मनापासून वाटलं. नंतर त्यानं उसनवारी करून जीप घेतली. ऑक्टोबर ते मे हा त्याचा हंगाम, पावसाळ्यात वाट बंद.

"जंगल नसतं तर?" मी विचारलं.

"तर ह्या जीपला कोण विचारतो, मॅडम? खडकावरून पाणी पडतं ते बघायला लोक येतात. पाणी वरून येतं. वरचं रान गेलं तर जानेवारीत धबधब्याला दोन धारा राहतील." त्यानं बोटांनी दोन धारा करून दाखवल्या.

त्याच्या जीपवर चारजणांचं घर चालतं. स्टँडवरची चहाची टपरी, लाइफ जॅकेट भाड्यानं देणारी पोरं, मोलेच्या रस्त्यावरच्या खाणावळी, राहायच्या खोल्या, हे सगळं त्याच नदीच्या काठावर उभं आहे. भगवान महावीर अभयारण्य आणि मोलेचं राष्ट्रीय उद्यान मिळून २४० चौरस किलोमीटर. वनखात्याच्या नोंदीत तिकिटांचे पैसे दिसतात. खाणावळीतल्या बाईनं शिजवलेली शीत-कडी त्या नोंदीत येत नाही.

आत जाताना गाडी तीन ठिकाणी पाण्यातून गेली. तिसऱ्या ओढ्यात चालकानं इंजिन बंद केलं आणि वर बोट दाखवलं. धनेशाची जोडी होती. पंखांचा आवाज आधी ऐकू आला, कुणीतरी सूप झटकावं तसा, मग ती दोन मोठाली अंगं आमच्या डोक्यावरून पलीकडच्या वडावर गेली. जीपमधली पाच परकी माणसं आणि आम्ही दोघं, कुणी बोललं नाही. मामाचा हात माझ्या खांद्यावर होता.

परतताना रेल्वेचा घाट दिसला. २०२० साली याच अभयारण्यातून रेल्वेचा दुसरा मार्ग, चौपदरी रस्ता आणि उच्चदाबाची वीजवाहिनी अशी तीन कामं एकदम पुढं आली. टाळेबंदीचा काळ असूनही गोव्यातली मुलं, वकील, चित्रकार, वनस्पती अभ्यासक एकत्र आले. त्या वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या रात्री चांदरला हजारो लोक रुळांपाशी जमले होते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुहेरी रेल्वेमार्गाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. मामा त्या रात्री चांदरला गेला होता, हे मला आज कळलं. बायपासच्या आधीची गोष्ट.

चौथा दिवस : सत्तरी

हा दिवस सर्वांत लांब आणि सर्वांत अवघड होता.

सकाळी बांबरची निरंकाराची राय, म्हणजे देवराई. वाट उतरत जाते आणि एका जागी अंगाला हवा वेगळी लागते. चपला बाहेर काढायच्या. आत पाऊल टाकलं तर पायाखाली पाणी, गार, पारदर्शक, तळाशी काळा पाला. जायफळाच्या कुळातली जंगली झाडं या पाण्यात उभी आहेत. त्यांची मुळं चिखलातून वर येतात, गुडघ्यासारखी वाकतात आणि पुन्हा खाली जातात, कारण बुडालेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही. बुंध्यांना बाजूंनी टेकू फुटलेले. सगळं इतकं स्तब्ध की एका पानावरून थेंब पडला तो कुठल्या डबक्यात पडला ते ऐकून कळत होतं. मी एका वाकड्या मुळाशेजारी उकिडवी बसले. मुळाच्या सालीवर बारीक छिद्रं, छिद्रांच्या कडेला हिरवं शेवाळ, शेवाळावर तांदळाच्या दाण्याएवढा बेडूक. माझ्या श्वासानं तो हलला.

अशी गोड्या पाण्याची दलदल पश्चिम घाटात आता मोजक्या ठिकाणी उरली आहे. इथं ती टिकली कारण इथं देव आहे. काठी मोडायची नाही, फांदी न्यायची नाही. सरकारी अधिसूचना यायच्या कितीतरी आधीपासून हा नियम इथं पाळला जात होता, आणि रायीतून निघणाऱ्या पाण्यावर खालची बागायत पिकते आहे. पाणी हवं म्हणून देव आला की देव होता म्हणून पाणी राहिलं, याचा शोध लावण्यात मला रस नाही. दोन्ही एकमेकांना धरून आहेत.

तिथून आम्ही मामीच्या माहेरी गेलो, म्हादई अभयारण्याच्या हद्दीतल्या गावात. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. मामीचे भाऊ, सगळे त्यांना भाऊच म्हणतात, काजूची बाग करतात. जेवायला नाचण्याची भाकरी, सुक्या बांगड्याची किसमूर, सोलकढी. जेवण होईपर्यंत गोड बोलणं चाललं. मग मी रायीबद्दल उत्साहानं बोलायला लागले आणि भाऊंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"राय आमची आहे. ती आम्ही राखली," ते म्हणाले. "आणि ही बागही आमचीच. माझ्या आज्यानं लावलेली. अभयारण्य झालं १९९९ साली. राष्ट्रपती राजवट होती, कुणाला विचारायचं काम नव्हतं. आजपर्यंत माझ्या बागेचा हक्क कागदावर आलेला नाही. अर्ज केलेला आहे, पोच आहे, निकाल नाही."

त्यांनी आत जाऊन प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद आणले. पोच पावती इतक्यांदा उघडली-मिटली होती की घड्यांवर कागद फाटून चौकोन झाले होते. प्रत्येक चौकोन त्यांनी चिकटपट्टीनं जोडला होता. मी रोज कागद हाताळते. असा कागद मी पाहिलेला नव्हता.

त्यांनीच वाघांचा विषय काढला. जानेवारी २०२० मध्ये म्हादईत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेनं मेले. आधी गुरं मारली गेली होती, मग मेलेल्या जनावरात विष घातलं गेलं. भाऊंना त्या दिवसाची लाज वाटते, हे त्यांच्या आवाजात होतं. "ज्याची गाय जाते त्याला भरपाई त्याच आठवड्यात हातात पडली, तर असं कोण करील?" ते म्हणाले. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं व्याघ्र राखीव क्षेत्र तीन महिन्यांत जाहीर करायचा आदेश दिला, प्रकरण पुढं सर्वोच्च न्यायालयात गेलं. भाऊंना दोन्हीची भीती आहे. व्याघ्र क्षेत्र झालं तर बाग जाईल आणि नाही झालं तर डोंगर जाईल.

"मग तुम्हाला काय हवं?" मी विचारलं.

"माझा कागद," ते म्हणाले. "तो दिला तर राखण मी फुकट करीन. वणवा लागतो तेव्हा विझवायला कोण जातं? मार्च २०२३ ला म्हादई पेटली होती, तेव्हा आमचीच पोरं फांद्या घेऊन रात्रभर डोंगरावर होती."

मामानं माझ्याकडे पाहिलं. पहिल्या दिवशी तो म्हणाला होता ते आठवलं. न्यूयॉर्कनं वरच्या गावांना पैसे दिले होते. खालच्या गावाशहरांच्या नळांचं पाणी ज्यांच्या डोंगरांतून येतं त्यांना आम्ही काय दिलं? १९९९ चा निर्णय बरोबर होता असं मी आजही म्हणेन. तेव्हा लेफ्टनंट जनरल जेकब राज्यपाल होते, आणि म्हादईचे २०८ व नेत्रावळीचे २११ चौरस किलोमीटर त्या काळात राखले गेले नसते तर खाणींनी तिथं काय केलं असतं ते शेजारच्या डोंगरांकडे बघून कळतं. गोव्याची सगळी अभयारण्यं धरून राज्याचा साधारण पाचवा हिस्सा राखीव आहे, त्यातला मोठा भाग या दोघांचा. पण इतक्या वर्षांत भाऊंचा अर्ज निकाली निघाला नाही, याचा हिशेब कुणीतरी द्यायला हवा. ज्या माणसाला स्वतःच्या बागेची खात्री नाही तो शेजारच्या वाघाची काळजी किती दिवस करील?

निघताना मामीच्या वहिनीनं माझ्या पायांना तेल लावायला दिलं. गोचिडीसाठी. २०१५ च्या सुमारास सत्तरीत माकडताप आला, तेव्हापासून काजूच्या हंगामात ही काळजी घ्यावी लागते. हा रोग १९५७ मध्ये पहिल्यांदा शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला. माकडं मरतात, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी माणसाला चावतात. जंगल म्हणजे निव्वळ आरोग्य, असं म्हणणाऱ्याला हे सांगायलाच हवं. पण संशोधकांच्या मते धोका जास्त आढळतो तो अखंड जंगलाच्या पोटात नव्हे, तर जिथं जंगलाचे तुकडे पडून बागा, गुरं आणि वस्ती त्यात मिसळली आहे अशा कडांवर. जेवढे तुकडे, तेवढ्या कडा. वहिनीला हे तिच्या भाषेत माहीत होतं. "मोठ्या रानात कमी, काजूच्या खाली जास्त," ती म्हणाली.

पाचवा दिवस : आमचा डोंगर

आजोळचं घर आता बंद असतं. दादा वाळपईला राहतो, पण घराखालचं कुळागर तोच बघतो. सुपारी, माड, केळी, माडांवर चढवलेल्या मिरीच्या वेली, चार जायफळं. तो आधीच येऊन थांबला होता, सोबत त्याची कॉलेजातली मुलगी. डोंगर विकायचा, कुळागर ठेवायचं, असं त्याचं गणित. मुलीच्या शिक्षणाला पैसे हवेत, आणि ते हवेतच, त्यात काही खोटं नाही.

मामानं गाडीच्या डिकीतून दहा लिटरची बादली काढली. चारही दिवस ती डिकीत होती, मी विचारलं नव्हतं.

आम्ही कुळागराच्या वरच्या टोकाला गेलो. तिथं जांभ्याच्या कपारीतून झर निघते, पोफळीच्या कोरलेल्या पन्हाळीतून खाली पडते आणि पाटानं सगळ्या बागेत फिरते. लहानपणी मी या पन्हाळीखाली डोकं धरायची. मामानं बादली लावली आणि घड्याळ माझ्या हातात दिलं.

चाळीस सेकंद.

पुन्हा लावली. एकेचाळीस. तिसऱ्यांदा चाळीस.

मी तिथंच फोनवर गुणाकार केला. तासाला ९०० लिटर, दिवसाला २१,६०० लिटर. मामा म्हणाला, शहरी पाणीपुरवठा आखताना माणशी १३५ लिटर धरतात. म्हणजे १६० माणसांचं पाणी, डिसेंबरात, विजेशिवाय, पंपाशिवाय, बिलाशिवाय.

"आणि ही झर येते कुठून?" मामानं दादाला विचारलं.

दादानं वर बघितलं. वर सगळं रान होतं. ऐन, किंदळ, भिरंडीची म्हणजे कोकमाची झाडं, मध्ये मध्ये जांभळाच्या आणि नाण्याच्या सावल्या. आम्ही त्यात चढलो. पाला घोट्यापर्यंत होता. दादाच्या मुलीनं काठीनं उकरून पाहिलं, वरचा थर कोरडा, बोटभर खाली ओला, वीतभर खाली काळी माती आणि त्यात पांढरे बुरशीचे धागे. पाऊस जाऊन दोन महिने झाले होते.

डोंगरमाथ्यावरून पलीकडचा डोंगर दिसतो. तो तीन वर्षांपूर्वी विकला गेला. अर्धा कापून पायऱ्या केल्या आहेत, लाल भिंतीसारखा उभा आहे, बांधकाम अजून सुरूच व्हायचं आहे. त्याच्या खालच्या कुळागरातल्या पोफळी माथ्यातून पिवळ्या पडल्या आहेत. तिथल्या मालकानं गेल्या वर्षी बोअर मारली, हे दादानंच सांगितलं. सांगताना त्याचा आवाज बारीक झाला.

माझ्या डोक्यात पाच दिवस जे फिरत होतं ते मी तिथं बोलले. "दादा, तू डोंगराचं उत्पन्न शून्य लिहिलंस आणि सुपारीचं उत्पन्न कुळागराच्या नावावर. पाणी दिलं डोंगरानं. खातं चुकीचं लिहिलंय. मी माझ्या अशिलाला असं लिहू दिलं नसतं."

"मग फी कोण भरणार?" दादा म्हणाला. रागानं नव्हे, खरंच विचारत होता.

त्यावर आम्ही दोन तास कुळागराच्या पाटावर बसून बोललो. माझ्या वाट्याचे पैसे मला नकोत, ते मी त्याला कर्जाऊ देऊ शकते. मामाची थोडी ठेव आहे. डोंगराच्या खालच्या कडेला मिरी आणि भिरंड वाढवता येईल. घर दुरुस्त केलं तर दोन खोल्या पाहुण्यांना देता येतील, म्हादईत येणारे लोक वाळपईत राहायला जागा शोधत असतात. यातलं काय जमेल ठाऊक नाही. दादा हो म्हणाला नाही. दिल्लीच्या पार्टीला मार्चपर्यंत उत्तर द्यायचं आहे आणि मी आज सही केलेली नाही, इतकंच झालं.

निघायच्या आधी मामानं खिशातून जुनी वही काढली, खात्यातली, निळ्या पुठ्ठ्याची. त्यानं उभ्या रेघा मारल्या. तारीख, बादली, सेकंद, मोजणारा. पहिल्या ओळीत आजची तारीख, १० लिटर, ४०, आणि माझं नाव लिहिलं. खाली जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे अशा पाच ओळी रिकाम्या सोडल्या.

दादाच्या मुलीनं वही मागून घेतली. तिनं बादली पन्हाळीखाली सरकवली, स्वतःच्या फोनवर घड्याळ सुरू केलं आणि बापाला म्हणाली, "पप्पा, तुम्ही बादली धरा. हलवू नका."